आईच्या गुडघ्यांचं पीक प्रात्यक्षिक

चूक माझीच होती, हे आधी सांगून टाकतो: मी माझ्या आईचे दोन गुडघे दोन वेगवेगळ्या पद्धतींना वाटून दिले.

आईचे दोन्ही गुडघे संधिवाताने झिजलेत. सिंदी मेघेतल्या आमच्या घरापासून विहार हाकेच्या अंतरावर. पण तिथल्या पायऱ्या चढवेनात, म्हणून पौर्णिमेची वंदना ती खाली अंगणात उभी राहूनच करू लागली. (मला ते बघवत नव्हतं.) हाडांचे डॉक्टर म्हणाले, "सांधा बदलता येईल. पण घाई नाही. आधी व्यायाम, थोडं वजन कमी, लागली तर काठी. मग ठरवू."

एवढे पर्याय ऐकून माझंच डोकं गरगरलं! त्यात कारंज्याची मावशी निर्गुडीचं तेल घेऊन हजर. "कापाकापी काऊन करता? हे चोळा!"

मी कृषी सहायक. शेतकऱ्याला नवी पद्धत पटली नाही की आम्ही त्याच्याच वावराचे दोन भाग करतो. इकडे नवी पद्धत, तिकडे जुनी, हंगाम संपला की तुलना. ठरलं! डावा गुडघा मावशीच्या तेलाला, उजवा डॉक्टरांच्या व्यायामाला!

"मी का वावर आहो, बाबू?" आई म्हणाली.

"आई, शास्त्रीय पद्धत आहे ही."

"मग पाट्या पण लावा," बायको स्वयंपाकघरातून ओरडली. "नाही तर तुम्हीच विसराल!"

(विसरलोच. शेवटी तेलाच्या पायाला लाल रिबन बांधली.)

पुढच्या खेपेला डॉक्टरांनी विचारलं, "कसं वाटतं?"

"कोणत्या प्लॉटमध्ये?" मी म्हणालो.

डॉक्टर रिबनकडे बघत राहिले. मी सगळं समजावलं. ते हसलेसुद्धा नाहीत!

"दोन्हीत थोडा आराम आहे," आई म्हणाली.

"असं कसं? फरक दिसायलाच हवा!"

"एकाच पायाचा व्यायाम बरा नाई वाटे. दोन्हीचा केला. तेलही दोन्हीले चोळलं. तू हापिसात जाय तवा."

म्हणजे प्रात्यक्षिक पाण्यात! आता गुण तेलाचा, व्यायामाचा की रिबनचा?

"ऑपरेशन हवं की नको, हे यांना विचारलंत का?" डॉक्टर म्हणाले.

मावशीला विचारलं होतं. ऑफिसात विचारलं होतं. खताच्या दुकानातही विचारलं होतं. गुडघे जिचे, तिलाच विचारायचं राहिलं होतं!

"मले विहाराच्या पायऱ्या चढाच्या आहेत," आई डॉक्टरांना म्हणाली. "थंडीभर व्यायाम करतो. नाई जमलं, त टाका बदलून."

घरी येऊन मी माफी मागायला तिच्या पायांशी बसलो आणि माझाच गुडघा असा कडाडला की उठताच येईना! आई काठी टेकत गेली, तेलाची बाटली घेऊन आली.

"कोणत्याले लावू?"

"दोन्हीले लाव, आई," मी म्हणालो. "चुकलो."