सहीवाली ताई

बँकेला कुलूप लागलं आणि गावातून पैसा दिसेनासा झाला. गिरणी चालू, दुकानांत माल, पण हातात दमडी नाही. तेव्हा नगरपालिकेने स्वतःच्याच चिठ्ठ्या छापल्या: बँक उघडली की बदलून देऊ, तोवर यावर भागवा. प्रत्येक चिठ्ठीवर शाईची सही हवी होती. ते काम जन्म-मृत्यू नोंदणीतल्या ताईकडे आलं. अक्षर मोत्यासारखं, आणि घरी वाट बघणारं कुणी नाही.

"ताई, तुमच्या घरात टाकसाळच आली की!" लोक म्हणायचे. आधी हसून, मग न हसता. तिच्या दोरीवर नवी चादर दिसली तरी शेजारणी कुजबुजायच्या. हळूहळू तिच्या दारात येणं-बसणं थांबलं.

एक दिवस धाकटा भाऊ आला. आईवडिलांमागे तिनेच त्याला वाढवलं होतं, किराणा दुकान थाटून दिलं होतं.

"ताई, एक गड्डी जास्तीची कर. कुणाला कळतंय?"

"मला कळेल ना."

"सख्ख्या भावाला नाही म्हणतेस?"

"सख्खा आहेस म्हणून नुसतं नाही म्हणते. दुसऱ्याला हाकललं असतं."

दुसऱ्या दिवशी त्याच्या दुकानावर पाटी लागली: चिठ्ठी चालणार नाही. गावाच्या हाती आयतं कोलीत मिळालं. जिची सही, तिचा भाऊच घेत नाही! बाकीचे दुकानदारही हात आखडू लागले.

ताईचा पगारसुद्धा चिठ्ठ्यांतच. ती बरणी घेऊन भावाच्या दुकानात गेली.

"तेल दे."

"रोख असेल तर."

"माझी रोख हीच."

त्याने मान फिरवली. ती हलली नाही. गिऱ्हाइकं येत होती, बघत होती. उन्हं कलली तेव्हा भावजय आतून आली. तिने बरणी भरली आणि चिठ्ठी गल्ल्यात टाकली. संध्याकाळी पाटी उतरली. गाव तगलं.

भाऊ मात्र बोलला नाही. बँक उघडली, चिठ्ठ्या गिरणीच्या भट्टीत गेल्या, तरी नाही. थंडीत तो अंथरुणाला खिळल्याचं कळलं तशी ताई धावत गेली. भावजय दारातच उभी राहिली.

"झोपलेत, वन्सं."

आतून दाबलेला, जागा खोकला ऐकू येत होता.

"बरं. पाणी कोमटच दे त्याला," ताई म्हणाली आणि वळली.

एवढ्या लवकर घरी जाऊन करायचं काय? ती कचेरीकडे निघाली. तिथे पोचल्यावर आठवलं, आज सुट्टी. मग पायरीवरच बसून राहिली.