ट्वायला झिंकची सुधारणा

ट्वायला झिंकच्या अंगाला मासळीचा वास येतो, असं वर्गात सगळ्यांत आधी म्हणाली शेल्बी हिर्टल. वास यायचाच. आईबाप दोघंही मासळीच्या कारखान्यात. धक्क्याजवळ राहणाऱ्या आम्हा सगळ्यांच्याच अंगाला तो यायचा. पण शेल्बीच्या बापाचं गाड्यांचं मोठं दुकान होतं आणि ती बोलली की अख्खा वर्ग खिदळायचा.

मग दप्तरात सडका बांगडा. बसमध्ये शेजारची जागा कायम रिकामी. नाक दाबलेल्या पोरींचे फोटो फोनवरून गावभर. ट्वायलाची आई मुख्याध्यापकांकडे गेली.

"पोरीपोरींच्या कुरबुरी आहेत बाई," ते म्हणाले. "लक्षच देऊ नका म्हणावं, आपोआप थांबेल."

थांबलं नाही. खेळाच्या तासानंतर कपडे बदलायच्या खोलीत तिघींनी तिला धरून ठेवलं आणि शेल्बीने तिची वेणी मुळाशी कापली. ट्वायलाने हात सोडवून घेतला आणि लोखंडी कपाटाचं दार होतं नव्हतं ते बळ लावून आपटलं. मध्ये शेल्बीची बोटं होती. दोन मोडली.

केस काय, पुन्हा वाढतात. कोर्टाने बोटं पाहिली आणि पंधरा वर्षांच्या ट्वायलाला सुधारगृहात धाडलं. अल्पवयीन म्हणून पेपरात तिचं नाव आलं नाही. पण नोव्हा स्कोशातल्या आमच्या एवढ्याशा गावात नाव कळायला पेपर कुणाला लागतो?

सुधारगृहातलं ती माझ्याशी एकदाच बोलली. आम्ही दोघी कारखान्यात मासे चिरत उभ्या होतो.

"मोठ्या पोरी माझं ताट ओढून घ्यायच्या. मी तिथल्या बाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या, 'बोटं मोडून आलीस ना? मग आता कशाला रडतेस?'"

"मग गं?"

"मग काय, मारायला शिकले. कुणाला न दिसता. सुटताना म्हणाले, पोरगी सुधारली."

परत आल्यावर शाळेने घेतलं नाही. इतर पालकांची हरकत होती म्हणे. तेव्हापासून ती कारखान्यातच आहे. तिची मुलगी मेझी आता नऊ वर्षांची. गेल्या हिवाळ्यात ती शाळेतून आली आणि तिने विचारलं, "आई, तू तुरुंगात होतीस?"

छळाविरुद्धचा दिवस शाळेत दरवर्षी होतो. त्याची खूण म्हणून सगळी मुलं गुलाबी शर्ट घालतात, पालकही जातात. यंदा ट्वायला गेली, मी सोबत होते. पालक समितीची प्रमुख म्हणून व्यासपीठावर शेल्बी. तिने वाकडी राहिलेली दोन बोटं वर धरली.

"तुमच्याएवढी नाही, थोडी मोठी होते मी," ती म्हणाली. "वर्गातल्या एका मुलीने माझं हे केलं. छळ म्हणजे काय, ते मी सोसलंय."

नाव घेतलं नाही तिने. पोरांनी माना वळवून मेझीकडे पाहिलं.

ट्वायला उठली. वाटलं, आता ही ओरडणार. ती रांगांमधून गेली, मेझीचा हात धरला आणि तिला बाहेर घेऊन आली. दुसऱ्या दिवशी शाळेतून फोन आला: कार्यक्रमात गोंधळ घातलात, इथून पुढे परवानगीशिवाय आवारात यायचं नाही.

मेझी आता दूरच्या गावातल्या शाळेत जाते. परवा मी विचारलं, "रुळली का गं पोर?"

"तिथं अजून कुणाला माहीत नाही," ट्वायला म्हणाली आणि पुढचा मासा ओढला.