नंबर तोच, पण घर तेच का?

तमाम टेलिफोनधारकांस अत्यंत गांभीर्याने कळविण्यात येते की, पलीकडच्या इसमाने रिसीव्हर उचलून 'हॅलो' म्हटले, एवढ्या एकाच पुराव्यावर त्यास आपले गिऱ्हाईक समजू नये. समजल्यास होणाऱ्या अनर्थाची जबाबदारी समजणाऱ्यावर राहील.

हे जाहीर निवेदन माझं नाही. बनारसच्या एका शालूच्या दुकानात, पांढऱ्या गादीवर मांडी घालून, काळ्या टेलिफोनवर हात ठेवून काका ते आम्हाला ऐकवायचे. मग मान तिरकी, एक भुवई वर आणि ठरलेला प्रश्न: "नंबर तोच, पण घर तेच का?"

काका म्हणजे कुणाचेच सख्खे काका नव्हेत. रामघाटावरच्या मराठी घरातले. तीन पिढ्या काशीत गेल्यामुळे त्यांची मराठी अर्ध्या वाटेवर हिंदीत शिरायची आणि पुन्हा स्वतःहून घरी यायची. महाराष्ट्रातून यात्रेला आलेली मंडळी शालू विणायला सांगून जात. दोन-अडीच महिन्यांनी तो मागावरून उतरला की गिऱ्हाइकाला फोन करायचा, हे काकांचं काम. माझं काम मराठी पत्रं लिहिण्याचं, आणि खरं सांगायचं तर काकांचे फोन ऐकण्याचं.

यात कसली आली आहे कला, असं वाटलं ना? वाचकहो, नव्वदच्या दशकातले ते दिवस आठवा. गावोगाव नवी एक्स्चेंजं येत होती. आज पाच आकडी असलेला नंबर उद्या सहा आकडी व्हायचा. कुणी टेलिफोन खात्याला फोन परत केला की त्याचा नंबर दुसऱ्याच्या घरी नांदायला जायचा. आमच्या वहीत मात्र तो जुन्याच घरी सुखाने राहत असे.

एकदा आमच्या मालकांच्या, म्हणजे शेठजींच्या, धाकट्या भावाने पुण्याला फोन लावला आणि 'हॅलो' ऐकताच दुकानाचं नाव घेऊन आनंदाने सांगून टाकलं, "मुबारक हो! बिटिया की शादी का शालू तैयार है!" नंबर दुसऱ्याकडे गेलेला. त्या दुसऱ्याला एकच मुलगी, कॉलेजात शिकणारी. बाप हादरला. त्याने चार दिवस मुलीची उलटतपासणी केली, आणि कहर म्हणजे तिचं खरोखरच कुठेतरी जमलेलं निघालं! तिला मावशीकडे धाडून बापाने आम्हाला चार पानी शिव्याशाप लिहिले. ते पत्र मी साभिनय वाचून दाखवलं. सगळं दुकान लोटपोट झालं.

काका हसले नाहीत. "पोरीचं गुपित आपण फोडलं," ते म्हणाले. "तिचं तोंडसुद्धा न बघता."

त्या दिवसापासून वही बदलली. शालूची नोंद करताना काका गिऱ्हाइकाला तीन गोष्टी विचारायचे: घराचं दार कोणत्या दिशेला, समोर काय दिसतं, फोन कोण उचलतं. मग वहीत असं काहीतरी दिसे: "दार उत्तरेला. समोर पिठाची गिरणी. फोन आजोबा उचलतात, दोनदा 'कोण?' म्हणतात." फोन लावल्यावर आपलं नाव नाही, गिऱ्हाइकाचं नाही, शालूचं तर नाहीच.

"नमस्कार. काशीहून बोलतोय. तुमच्या समोरची गिरणी चालू आहे का हो?"

लोक किती भाबडे! "आज बंद आहे, वीज गेलीय," असं निम्मेजण सांगून टाकायचे. उरलेले शिव्या द्यायचे. काका दोन्ही तितक्याच आदराने ऐकून घेत.

"काकाजी, साड़ी बेच रहे हैं कि जासूसी कर रहे हैं?" शेठजी विचारायचे.

"दोनों, सेठजी. तनखा एकच आहे."

अशात एका दुपारी नागपूरच्या एक बाई दुकानात आल्या. सासू-सासऱ्यांना घेऊन यात्रेला आलेल्या. ते दोघं बालाजी घाटाजवळच्या मुक्कामी झोपले असताना या एकट्याच बाहेर पडल्या होत्या. वय चाळीस-बेचाळीस. राखाडी रंगाचं काही दाखवा म्हणाल्या. शालू राखाडी कुणी मागत नाही.

"कुणासाठी?" काकांनी विचारलं.

बाई दाराकडे बघत म्हणाल्या, "माझ्यासाठी."

त्या विधवा होत्या, सासरीच राहत होत्या. शाळेतल्या एका मास्तरांशी लग्न ठरवलं होतं. रजिस्टर पद्धतीने, तारीखसुद्धा पक्की. लग्न होईपर्यंत घरात कुणाला कळू द्यायचं नव्हतं. दिराला सुगावा लागला तर तो उंबऱ्याबाहेर पाऊल टाकू देणार नाही, म्हणाल्या.

काकांनी पेन खाली ठेवलं. मग त्यांनी राखाडी गठ्ठा बाजूला सारला, डाळिंबी रंगाचा नमुना पुढ्यात उलगडला आणि इतकंच विचारलं, "पदरावर कोयऱ्या की वेल?"

पत्ता त्यांनी दिला नाही. मैत्रिणीचा नंबर दिला. पावतीही मैत्रिणीकडेच राहणार होती. वहीत नोंद झाली: "दार पूर्वेला. समोर मैदान. मैत्रीण उचलते. फक्त रविवारी सकाळी."

शालू झाला. काय झाला म्हणून सांगू! रविवारी काकांनी नागपूर लावलं. 'इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं' हे सात वेळा ऐकल्यावर लागलं, आणि पलीकडून पुरुषाचा खणखणीत आवाज आला.

"नमस्कार. काशीहून बोलतोय. आपलं दार पूर्वेला आहे का?"

"कोण हवंय?"

"ते सांगता येत नाही. दार तेवढं सांगा."

"मग मलाही सांगता येत नाही. मी कोर्टाचा रिटायर्ड बेलिफ आहे. जन्मभर नोटिसा बजावल्या. जो नाव सांगत नाही त्याला मी दिशा सांगत नाही!"

फोन आपटला. काकांच्या चेहऱ्यावर निव्वळ कौतुक होतं. "माणूस पक्का आहे," ते म्हणाले.

दुसऱ्या रविवारी पुन्हा तेच.

"चोर आहात का हो तुम्ही?"

"चोर काशीहून फोन करून, दार विचारून येईल का साहेब? भाडं तरी परवडेल का?"

"मग समोर काय आहे ते कशाला विचारता?"

"तुम्ही तरी का लपवता?"

आम्ही सगळे काकांच्या मागे लागलो. अहो, नाव सांगून मोकळे व्हा! काका ऐकेनात. "आणि हा बेलिफ तिच्या दिराचा मित्र निघाला तर? शालू तर जाईलच, लग्नही जाईल."

 घडीवर जरीची तार मोडू नये म्हणून शालूची घडी बदलून ठेवतात. त्या आठवड्यात हा एक शालू काका रोज सकाळी स्वतः कपाटातून काढत, उलगडत, नवी घडी घालत आणि वहीतल्या लग्नाच्या तारखेकडे बघत.

तिसरा रविवार. लग्नाला नऊ दिवस. दुकानात गिऱ्हाइकांची गर्दी, तरी काकांनी लांबवर जाईल असा आवाज लावला. "साहेब, आज ठेवू नका. तुमच्या एका उत्तरावर कुणाचं तरी आयुष्य अडून राहिलंय."

"नाव!" बेलिफ गरजले.

"दार!" काका गरजले.

पुढे कळलं ते आत्ताच सांगून टाकतो. मैत्रिणीची बदली झाली होती. तिने फोन परत केला, आणि नंबर गेला या बेलिफसाहेबांकडे. सामान हलवताना पावती हरवली. बाईंना आमच्या दुकानाचं नावही धड आठवेना. आमचा फोन तिथेच येणार, म्हणून शेवटी त्यांनी स्वतःच तो नंबर फिरवला. बेलिफ तेव्हा बाजारात होते, फोन त्यांच्या बायकोने उचलला. बाईंचा रडवेला आवाज आणि त्यात 'काशीचा शालू' एवढंच ऐकून तिने कसलीही चौकशी न करता घराचा पत्ता सांगितला आणि म्हणाली, "रविवारी सकाळी या. कुणीतरी काशीहून माझ्या नवऱ्याशी भांडायला फोन करतं."

काका जाऊन आता बरीच वर्षं झाली. मला मात्र ते दिसतात ते त्या रविवारचे: टोपी मागे सरकलेली, रिसीव्हर कानापासून हातभर लांब धरलेला, तोंड उघडं. कारण पलीकडे काहीतरी झटापट झाली, बांगड्या वाजल्या, आणि बेलिफांच्या हातातून फोन हिसकावून त्यांची बायको इतक्या मोठ्याने ओरडली की आमच्या दुकानातल्या शेवटच्या गिऱ्हाइकालाही ऐकू गेलं:

"अहो काशीवाले, तुमचं दार-बिर गेलं खड्ड्यात, नवरीमुलगी इथे माझ्या स्वयंपाकघरात रडत बसलीय, शालू पाठवताय की नाही?"