सोमलिंगचे बल्ब आणि सावित्रम्माची दुपार

सावित्रम्माला आयुष्यात एकच चैन हवी होती, दुपारची झोप. तीही नवऱ्याच्या बल्बांनी घालवली.

सोमलिंग सोलापुरातल्या घरी, पुढच्या खोलीत एलईडी बल्ब जोडायचा आणि बाजारात नेऊन विकायचा. माणूस दिलदार. "बंद पडला तर घरी आणून द्या, बदलून देतो," असं प्रत्येक गिऱ्हाइकाला छातीठोकपणे सांगायचा. आतला माल मात्र हलका. शेजारचे यंत्रमाग थांबले की व्होल्टेज उसळायचं आणि त्याचे बल्ब राम म्हणायचे.

मग गिऱ्हाईक घरी यायचं, तेही नेमकं दुपारी. दारात आलेल्याला तसंच परत पाठवणं सावित्रम्माला जमायचं नाही. आधी पाणी, मग चहा, भुकेला दिसला तर भाकरी, शेंगाचटणी आणि वर दही. माणसं तणतणत यायची आणि ढेकर देत, नवा बल्ब पिशवीत टाकून जायची. मंगळवारच्या बाजाराला शेरडं घेऊन येणारी गोजाबाई तर पोटभर जेवल्यावरच बल्बचा विषय काढायची. सावित्रम्मा हसून वाढायची आणि आतल्या आत जळफळायची.

एका दुपारी ती नुकती आडवी झाली होती, तोच कडी वाजली. तिने पदर खोचला.

"अहो, बल्ब तुमी बिघडवायचे आन भाकऱ्या मी बडवायच्या? आता आलेल्याला तुमीच थापून घाला."

सोमलिंगने खरोखरच एक थापली. ती भाकरी आहे, हे आलेल्या माणसाला सांगावं लागलं.

"मग करू तरी काय?" तो रडकुंडीला आला.

"बल्ब विकायच्या आधी माज्या सैपाकघरात लावा. हितं वाफ हाय, धग हाय, व्होल्टेज तर लई नाचतंय. हितं टिकंल त्योच विकायचा."

पहिल्या खेपेतले बल्ब पटापट गेले. एक तर आमटीला फोडणी पडताच गेला. सोमलिंगचं तोंड एवढंसं झालं. शेवटी त्याने थोड्या नफ्यावर पाणी सोडलं आणि चढउतार सोसणारं चांगलं सर्किट आणलं. स्वयंपाकघर लग्नघरासारखं लखलखू लागलं आणि लखलखतच राहिलं.

घरी येणारी गिऱ्हाइकं थांबली. सावित्रम्मा पहिले काही दिवस गाढ झोपली. मग मात्र डोळा लागेना. भाकऱ्या उरत होत्या आणि चटणी चांगली झालीय म्हणणारं कुणी नव्हतं. नवऱ्याला चवीचं काय, समोर येईल ते तो मुकाट गिळायचा. तिला फार एकटं वाटू लागलं. एवढे चांगले बल्ब करायची काय गरज होती, म्हणून ती सोमलिंगवरच चिडली.

मंगळवारी कडी वाजली. दारात गोजाबाई, हातात बल्ब. सोमलिंगने घाईघाईने बल्ब लावून पाहिला, तर लख्ख पेटला.

"ह्यो तर चालू हाय की," तो म्हणाला.

"व्हय," गोजाबाई भिंतीला टेकून बसली. "मेला बंदच पडंना. किती वाट बगायची? म्हणून चालू हाय तसाच काडून आणला."

सावित्रम्माने तोवर तवा ठेवलासुद्धा होता.