गरीब पोर

आमच्या गोंदियाकडे लेकरू रडत नसलं की बाया कौतुकानं म्हणतात, "किती गरीब आहे वं पोर!" गरीब म्हणजे मुकाट, कोणाला त्रास न देणारं. लेकरासाठी हा शब्द कोणी माझ्यासमोर काढला की आजही माझं डोकं फिरतं.

स्वातंत्र्य मिळून दोनचार वर्षं झाली असतील. कामठ्याच्या बाजूला आमची धानाची शेती. माझी पहिली पोरगी अजून अंगावर पीत होती आणि रोवणा लागला, म्हणजे धानाची लावणी. रोवण्याच्या दिवसांत सून घरी बसलेली कोणत्या सासूला चालते? पण पोरीला दिवसभर ठेवायची कोणाकडे? मी म्हटलं, सोबत नेते, धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, मोहाचं झाड आहे त्याला झोळी बांधते. सासू म्हणाली, "लेकरू संग असलं का बाईची कंबर वाकत नाही." शेजारी एक म्हातारी होती, मजुरांची लेकरं सांभाळायची. पण तिच्या अंगणातून दिवसभर भोकाड ऐकू यायचं. एक थांबलं की दुसरं सुरू. गाव म्हणायचं, हिला लेकरं सांभाळता येत नाहीत.

आणि आमच्या घरातच होत्या आत्याबाई, माझ्या नवऱ्याची आत्या. नवरा वारल्यावर भावाकडे राहायला आलेल्या. त्यांच्याकडचं लेकरू रडत नाही, असा त्यांचा लौकिक. रोवण्यात गावातल्या बाया आपापली पोरं आणून त्यांच्याच मांडीवर टाकायच्या. बारशाला विधवेला कोण विचारतं? यांना मात्र आधी बोलावणं. पोरगी त्यांच्याकडेच राहणार हे ठरलं. मला कोणी काही विचारलं नाही, पण विचारलं असतं तरी मी आत्याबाईंचंच नाव घेतलं असतं.

संध्याकाळी चिखलाचे पाय धुऊन मी धावत घरात शिरायची, तर पोरगी झोपलेली. पदराखाली घेतली तर दोन घोट ओढायची आणि मान टाकायची. "गरीब आहे वं तुझी पोर," आत्याबाई म्हणायच्या. आणि मी मूर्ख बाई लाजून हसायची.

एक दिवस दूध दाटून छातीला गाठी आल्या, अंगात ताप भरला. हातातली पऱ्ह्याची, धानाच्या रोपांची, जुडी तिथंच टाकून मी दुपारी घरी आले. आत्याबाई कुठं गप्पा मारायला गेलेल्या. पोरगी पाळण्यात. हलवली, उठली नाही. गाल थोपटले, उठली नाही. पापणी वर केली तर डोळ्यातली बाहुली राईएवढी. असे डोळे मी पाहिले होते. माझा आजा अफू खायचा. पोरीच्या ओठाला नाक लावलं आणि तोच वास आला.

माय वं! तोंडावर पाणी मारलं, तळपायाला चिमटे काढले, उलटी धरून पाठीवर थापटलं, जेवढे देव आठवले तेवढ्यांना शिव्या दिल्या. कितीतरी वेळानं ती किंचाळली. तेवढ्यात आत्याबाई दारात. म्हणतात काय, "काऊन उठवली वं? इतक्या मुश्किलीनं झोपवली होती!"

"काय चारलं तिले?"

"काही नाही वं, नखाले लागंल एवढी आफू. मी सगळ्याइच्या लेकरांले देतो."

मी सासूकडे गेले. सासू म्हणाली, "त्यात काय? तुझा नवराही असाच वाढला. मेली का तुझी पोर? जिती हाय न!" नवऱ्याकडे गेले. तो म्हणाला, बायांच्या भानगडीत मला ओढू नको. झालं! न्याय मिळाला.

ठीक आहे म्हटलं, बापा. तुमच्या घरात माझं कोणी ऐकत नाही ना, मग गाव ऐकेल.

रोवण्यात आमच्याकडे एक बाई ओळ उचलते, बाकीच्या मागून म्हणतात. चांगली ओळ असली की धुऱ्यापलीकडच्या बांधीत, शेजारच्या शेतात, रोवणाऱ्या बायाही धरतात, आणि दिवस मावळेपर्यंत गाणं शिवारभर होतं. गळा माझा चांगला होता. दुसऱ्या दिवशी चिखलात उतरले आणि ओळ उचलली:

"गरीब लेकरू झोपून राह्यलं, काऊन वं बाई काऊन?
आत्याबाई गेल्या गावात हिंडाले नखानं आफू लावून!"

बायांनी सवयीनं मागून म्हटली. मग एकेकीचा आवाज बंद पडला. एक बाई चिखलातून निघाली आणि लुगडं गुडघ्यावर धरून गावाकडे पळत सुटली. तिच्या मागं दुसरी. धुऱ्यावरून सासू ओरडली, "तोंड बंद कर, रांडे!" मी तीच ओळ आणखी वरच्या सुरात घेतली. पलीकडच्या बांधीनं धरली.

त्यानंतर आत्याबाईंच्या मांडीवर गावातलं एक लेकरू आलं नाही. बारशाची बोलावणी बंद झाली. गल्लीतली पोरं त्यांना पाहून तीच ओळ म्हणत. नवरा म्हणाला, "घरची इज्जत चिखलात रोवली तू." मी म्हटलं, "रोवली. आता उगवू द्या." माझी पोरगी मी शेजारच्या म्हातारीकडे ठेवली. दिवसभर गळा काढायची. लेकरू कुठं ठेवावं ते मला तेव्हा कळलं. जिथून त्याचा आवाज येतो, तिथं.

रोवणा संपला. एका सकाळी मी ओसरीत तांदूळ निवडत बसले होते. आत्याबाई येऊन समोर बसल्या. त्या मला शिव्या देतील असं वाटलं. मी तयारच होते, माझ्याकडेही कमी नव्हत्या.

त्या हळूच म्हणाल्या, "आफूनं लेकरू मरते का वं, खरंच?"

"मरते."

त्यांनी माझ्या सुपातला एक खडा वेचून बाजूला टाकला. मग म्हणाल्या, "मले एक पोरगा झाला होता. माझ्या सासूनं सांगतलं होतं, बांधीत जाताना थोडीशी चाटवत जा. एक दिवस मी घरी आलो तं तो उठलाच नाही. सारे म्हणत, देवाचा होता, देवानं नेला." मग त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "तो दुसऱ्या कशानं गेला असंल न वं?"

त्यांना काय ऐकायचं होतं ते मला कळत होतं. ताप असेल, नजर लागली असेल, तेव्हा पोरं मरतच होती, असं काहीही चाललं असतं. तेवढं बोलायला मला काय लागत होतं?

मी म्हटलं, "नाही आत्याबाई. त्यानंच गेला."