निवट्यांच्या कालवणात शेंगदाण्याचं कूट

रंगूबाईच्या घरात मासळी कधी शिजली नव्हती. साताऱ्याकडची ही बाई लग्न होऊन ठाण्यात आली, नौपाड्यात एका खोलीत संसार केला आणि नवरा गेल्यावर दवाखान्यात आया झाली. बोलायला लागली की तिला आवरायचं कोणी? सिस्टर तिला दिवसातून तीनदा गप्प करायच्या. पण चौपन्न साली तिच्या तोंडाचाच उपयोग झाला, तो असा.

खाडीकाठच्या मिठागरावर राबणारी बायजा पोलिओने आडवी होऊन याच दवाखान्यात आली. ताप उतरला, हातपाय हलू लागले, पण छातीत जोर नव्हता. गळ्यापर्यंत लाकडी पेटीत, डोकं तेवढं बाहेर. विजेच्या मोटारीवर चालणारा भाता पेटीतली हवा ओढी आणि सोडी, त्यावर बायजाचा श्वास चाले. आता रोज थोडा वेळ भाता थांबवून तिला स्वतःच्या दमावर सोडायचं होतं. त्याशिवाय घर नाही, आणि घरी दीड वर्षांची शकू आईवाचून हडकत चालली होती.

डॉक्टर घड्याळ घेऊन उभे राहत. बायजाची नजर काट्यावर. दुसऱ्याच मिनिटाला ती घाबरीघुबरी होऊन "लावा, लावा" म्हणे. छाती तयार आहे, भीतीच जात नाही, असं डॉक्टर म्हणाले.

एक दिवस भाता थांबलेला असताना उशी सारखी करत रंगूबाई सहज म्हणाली, "तुमच्याकडं त्या चिखलातल्या निवट्या, ते बुळबुळीत मासे, खातात म्हणं. त्यात शेंगदाण्याचं कूट घालत असतील न्हाई?"

बायजाची नजर घड्याळावरून उडाली. "निवट्यांना कूट? मावशी, डोकं ठिकाणावर हाय का?" मग राखेने चोळून बुळबुळीतपणा कसा काढायचा, लसूण किती, चिंच कधी, सगळं तिने दम घेत घेत ऐकवलं. भाता लावला तेव्हा अकरा मिनिटं झाली होती. डॉक्टरांनी घड्याळ खिशात टाकलं ते टाकलंच.

त्या दिवसापासून रंगूबाईला ऊत आला. कोलंबीत गूळ, बोंबलात दही, खेकड्यांचं थालीपीठ. बायजा तिची बिनपाण्याने करायची आणि वेळ वाढत गेला. आता तिला शेजारच्या खाटेवर काढत. पण झोप आली की ती हटून पेटीच मागे. झोपेत श्वास घ्यायचं विसरले तर?

एका दुपारी खाटेवर पडून ती बांगड्याचं कालवण समजावत होती. रंगूबाईने आज वाद घातला नाही, मुकाट ऐकत राहिली. बायजाचे शब्द मंदावले, मान कलली. रंगूबाई तिला हलवायला उठणार, तोच दारात उभ्या डॉक्टरांनी खुणेने बसवलं. छाती वर आली. खाली गेली. पुन्हा वर आली. तोंडावर पदर धरून रंगूबाई तासभर जागची हलली नाही.

बायजाने डोळे उघडले, कानोसा घेतला. भात्याचा आवाज नव्हता.

"मावशी, मी झोपलेली?"

"तास झाला, पोरी."

बायजा वर बघत नुसतीच श्वास घेत राहिली. डोळ्यांतलं पाणी कानापर्यंत ओघळलं.

"आणि इतका वेळ तू गप रायलीस?"