केळीखालचं भुईकाफळ

सुलभाबाई महाजनांना एखादी गोष्ट आवडली की ती गल्लीभर कळायची. बुऱ्हाणपूरच्या इतवारा बाजारातल्या एका साडीच्या दुकानात बसून त्या फॉल-पिको करत. मशीन चाले तसं तोंडही चाले, आणि साडी न्यायला आलेली बाई निम्म्या घरगोष्टी ऐकूनच परत जाई. नवरा, प्रभाकरराव, लूमच्या कारखान्यात जॉबर, बिघडलेले माग दुरुस्त करणारे. दिवसभर खडखडाटात काढून त्यांना घरी शांतता हवी असे. ती त्यांना लग्नापासून मिळालेली नव्हती, आणि त्यांनी मागणंही सोडून दिलं होतं.

त्यांची थोरली मुलगी गायत्री अल्मोड्याकडे एका दवाखान्यात नर्स आहे. परवाच्या वर्षी वैशाखात सुलभाबाई तिच्याकडे राहायला गेल्या. बुऱ्हाणपुरात तेव्हा डांबर वितळत होतं, आणि तिथे सकाळी शाल घ्यावी लागत होती. एके दिवशी गायत्रीच्या घरमालकिणीबरोबर देवळाकडे चढताना त्या मालकिणीने वाटेच्या कडेला वाकून गवतातून काहीतरी खुडलं आणि सुलभाबाईंच्या तळहातावर ठेवलं. हरभऱ्याच्या घाट्याएवढी लालबुंद फळं. तोंडात टाकायच्या आधीच वास आला. जिभेवर गुलकंद आणि पिकल्या पेरूच्या मधलं काहीतरी विरघळलं.

"ही स्ट्रॉबेरी?" त्यांनी विचारलं. बाजारातली त्यांनी एकदा खाल्ली होती. दिसायला देखणी, आत आंबट पाणी.

"जंगली वाली है," घरमालकीण म्हणाली. "हमारे यहाँ भुईकाफल बोलते हैं. अपने आप फैलता है."

सुलभाबाई तिथेच उकिडव्या बसल्या. रोप जमिनीला चिकटलेलं, तीन-तीन पानांचं. त्यातून लाल दोऱ्यासारखे तंतू निघाले होते. जिथे तंतू टेकला तिथे नवं रोप, त्यातून पुन्हा तंतू. सगळा उतार हिरव्या सतरंजीने झाकलेला आणि सतरंजीला खायची फळं. त्यांच्या डोळ्यांपुढे घरामागची जागा आली. केळीची दोन बेटं, त्यांच्याखाली चिखल, आणि चिखल वाळला की गाजरगवत. त्या दिवशी त्या देवळात काय मागून आल्या ते गायत्रीने विचारलं नाही, पण तिला कळलं असावं.

पावसाळ्याच्या तोंडावर त्या परतल्या तेव्हा रोपं ओल्या शेवाळात गुंडाळून लोणच्याच्या बरणीत होती. गाडीत दर स्टेशनला त्या झाकण उघडून बघत. समोरच्या बाकावरच्या गृहस्थांनाही शेवटी चिंता लागली. "अजून जिवंत आहेत ना?" तेच विचारू लागले.

घरी येताच, चप्पल न काढता त्यांनी रोपं केळीखाली लावली. एकाला जागा उरली नाही, ते गळक्या बादलीत खोचलं आणि बादली मोरीमागच्या कट्ट्यावर ठेवली. पुढे पाऊस लागला. आपली काळी माती पाणी धरून बसते. पहाडाच्या उतारावर वाढलेल्या मुळांना ते कुठलं सोसायला. पोळ्यापर्यंत जमिनीतली सगळी रोपं बुडापासून कुजली. सुलभाबाई दोन दिवस गप्प होत्या. प्रभाकररावांना ती शांतता काही मानवली नाही. त्यांनीच धाकट्या मयूरला बाजूला घेऊन सांगितलं, "तिच्यासाठी कुठून तरी मागव बाबा."

मयूरने मोबाइलवरून मागवली. "आई, देख ना, सेम टू सेम. वाइल्ड स्ट्रॉबेरीच लिहिलंय."

पानं तीन-तीन, तंतूही तसेच. आणि ती रोपं अशी पसरली की बघत राहावं. दिवाळीपर्यंत केळीखालचा चिखल दिसेनासा झाला. सुलभाबाईंनी दुकानातल्या गिऱ्हाइकांना घरी बोलावून तो गालिचा दाखवला. पिवळी फुलं आली. फुलांमागून फळं आली, गोल, लाल, देठावर ताठ उभी. पहिली ओंजळ त्यांनी एकट्याने खाल्ली नाही. शेजारच्या मालूबाईंना हाक मारली, प्रभाकररावांना झोपेतून उठवलं, मयूरला बसवलं.

सगळ्यांनी एकदमच तोंडात टाकलं.

"सुलभाताई," मालूबाई जपून म्हणाल्या, "राग नका मानू. कापूस खाल्ल्यावानी लागतंय वं."

"रंग चांगला आहे," प्रभाकरराव म्हणाले.

सुलभाबाईंनी आणखी एक खाल्लं. मग आणखी एक. मग हात पुसून गायत्रीला व्हिडिओ कॉल लावला आणि फोन फुलापाशी नेला. गायत्रीने तो घरमालकिणीला दाखवला. पलीकडून हसणं ऐकू आलं. "ये तो नकली है, दीदी. असली का फूल सफेद होता है."

फोन ठेवल्यावर सुलभाबाई जागच्या उठल्या त्या थेट मोरीकडे गेल्या. बादलीची आठवण त्यांना इतक्या महिन्यांनी होत होती. बादलीच्या काठावरून चहूकडे लाल तंतू लोंबत होते. काही खाली ओल्या फरशीच्या फटींपर्यंत पोचले होते आणि तिथे इवली रोपं धरली होती. बादली गळकी, म्हणून पाणी साचलं नव्हतं. मोरीजवळ, म्हणून ओल तुटली नव्हती.

"अहो," त्यांनी हाक मारली, "वाळू आणा."

"आत्ता?"

"आत्ता."

शेजारी बांधकामावर वाळू उरली होती. प्रभाकररावांनी ती घमेल्याने वाहिली. सुलभाबाई तोवर पिवळ्या फुलांचा गालिचा उपटू लागल्या होत्या.

"आई, इतकं मस्त ग्रीन झालंय," मयूर कळवळला. "राहू दे ना. कोणाला काय समजतंय?"

"मला समजतंय."

काळ्या मातीत वाळू आणि शेणखत कालवून त्यांनी केळीभोवती उंच वरंबे केले, त्यांवर बादलीतली पिल्लं लावली आणि वाळलेल्या केळीच्या पानांचं अंथरूण घातलं. तापीवरून गार वारं सुटलं तशी रोपांनी उभारी धरली. आता सुलभाबाई सकाळी चहाच्या आधी मागे जात. दुकानात शिरल्या की मालकच विचारी, "फूल आलं का?"

पौषात आलं. पांढरंशुभ्र, मधे पिवळा ठिपका. त्या दिवशी त्यांनी एका साडीला उलट्या बाजूने फॉल लावला आणि हसत हसत उसवला.

पहिली फळं बुलबुलांनी नेली. दुसऱ्या खेपेला सुलभाबाईंनी जुनी जाळीची ओढणी वरंब्यावर ताणली. महाशिवरात्रीला गायत्री घरी आली, तेव्हा तिची बॅग अजून दारातच होती आणि आई तिला हाताला धरून मागे नेत होती. पानं बाजूला सारली तर खाली लाल मणी लोंबत होते. गायत्रीने एक खुडलं, हुंगलं, डोळे मिटले.

"तिथल्याइतकं गोड नाही," ती म्हणाली. "पण वास तोच आहे, आई. अगदी तोच."

सुलभाबाईंच्या कानांनी पहिलं वाक्य घेतलंच नाही. त्यांनी मालूबाईंना भिंतीवरून हाक मारली. मालूबाई मागच्या अनुभवाने जरा बेताच्या वेगाने आल्या. एक फळ खाऊन त्या वरंब्यापाशी बसल्या आणि ओढणीखाली स्वतःच हात घालू लागल्या. प्रभाकररावांनीही एक खाल्लं. नंतर ते दर संध्याकाळी कामावरून आल्यावर मागच्या दारी जरा वेळ उभे राहू लागले. तिथे काय करता म्हणून कोणी विचारलं तर म्हणत, "हवा खातोय."

उन्हाळ्यात कडेची रोपं जळाली. नवतपात, उन्हाच्या त्या सर्वांत कडक नऊ दिवसांत, तर पानं कागदासारखी कुरकुरली. केळीच्या दाट सावलीतली मात्र टिकली. सुलभाबाई त्यांना दोन वेळा भांड्यांचं विसळपाणी घालत आणि दुपारी वर ओलं पोतं धरत. या हिवाळ्यात केळीची दोन्ही बेटं त्या सतरंजीने जोडली गेली आहेत. गाजरगवताला शिरायला फट नाही. मालूबाईंनी चांदनी गावाकडच्या शेतात लिंबाखाली तंतू लावलेत आणि ते धरलेत.

सुलभाबाईंचा डोळा सध्या गल्लीच्या टोकाच्या मारुतीच्या देवळावर आहे. तिथे पिंपळाखाली मोठी सावलीची जागा रिकामी पडली आहे. पुजारी अजून हो म्हणालेले नाहीत. रोपं मात्र तेलाच्या डब्यांत तयार करून ठेवलेली आहेत, आणि रोज आरतीला सुलभाबाई पहिल्या रांगेत असतात.